पिक्चर ट्यूबची काच जोडताना

आज काळाचौकीला आमच्या घरी जुने टीव्ही जमवणारा एकजण आला होता. गिरणी संपानंतर बाबा पिक्चर ट्यूब उघडून दुरुस्त करायला शिकले. आता हे काम करणारं त्यांच्या माहितीत दुसरं कोणी नाही.

"काका, सगळं शूट करू द्या. नाहीतर हे तुमच्याबरोबरच जाईल."

बाबांनी ट्यूबच्या आतली, पडद्यावर चित्र उमटवणारी जुनी इलेक्ट्रॉन गन काढून दाखवली. काच जोडायच्या वेळी मात्र म्हणाले, "आता कॅमेरा बंद."

"का हो?"

"गिरणीतही एक साहेब वही घेऊन आला होता. आम्ही कामाचं सगळं सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. मग आमचं खातंच बंद झालं."

तो हसला. मीही हसले. मीही फोनवर शूट करत होते. बाबांनी माझ्या फोनकडे पाहिलं.

"तूही ठेव गं खाली."

मी ठेवला. बाबा सत्तरीचे आहेत. तुम्ही ठेवला असता?