एकुलत्या जिवाचा उजवा पाय

माझी एक मैत्रीण संशोधनाच्या जहाजावर जाते. एका लग्नासाठी ती नागपूरला आली होती. जेवणं आटोपल्यावर तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली छोटी काचेची कुपी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"हा कुठल्याच जातीत बसत नाही. तू बघ."

कुपीत अल्कोहोल होतं आणि तळाशी तांदळाच्या कणीएवढं पांढुरकं काहीतरी.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडच्या विहिरींत आणि ओढ्यांत कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, बाजूने चपटे, इवलेसे जीव असतात. माझं सगळं काम त्यांच्यावरचं. त्यांचेच भाऊबंद खोल समुद्राच्या तळाशीही राहतात, म्हणून मैत्रिणीला माझी आठवण झाली. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला आहे, तोही किनाऱ्यावरून.

तो हिवाळा मी जुने लेख आणि आकृत्या धुंडाळण्यात घालवला. आधी वर्णन झालेल्या कुठल्याच जातीशी हा प्राणी जुळेना. जात नवी होती, याबद्दल मला हळूहळू खात्री वाटू लागली. पण नवी म्हणायची तर तिचा पाय न् पाय, जबड्याचा तुकडा न् तुकडा सुटा करून त्याचं चित्र काढावं लागतं. आणि माझ्याकडे प्राणी एकच होता. मैत्रीण म्हणाली, पुढच्या सफरीची वाट बघू. पुढची सफर झाली, त्यात हा जीव नव्हता. त्यानंतरच्या सफरीतही नाही.

शेवटी एका उन्हाळी सुट्टीत मी सूक्ष्मदर्शक मनीषनगरच्या घरी आणला. अशा वेळी फक्त उजव्या बाजूचे अवयव काढायचे आणि डावी बाजू शाबूत ठेवायची, अशी आमच्या कामातली रीत आहे. उद्या कुणाला माझं म्हणणं तपासायचं असेल तर त्याला काहीतरी मिळायला हवं.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहतात. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. आता हात थरथरतो, म्हणून त्यांनी चित्रं काढणं सोडलं होतं. सूक्ष्मदर्शक आल्यापासून मात्र ते दर थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहत.

"मले दाखव ना."

मी दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"याले डोळे कुठं हायेत वं?"

"नाहीत. तिथे अंधारच असतो, बाबा."

"मग हे एवढं कोरीव काम कोणासाठी?"



सुटा केलेला पाय सुईच्या टोकावर उचलून काचपट्टीवरच्या ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा, हे सगळ्यात नाजूक काम. त्यासाठी मी पंखा, कूलर सगळं बंद ठेवायचे. नागपूरचा मे महिना, खोलीची भट्टी झालेली. त्या दुपारी मी उजवा दुसरा पाय उचलला होता. याच पायाच्या नखीवरून ही जात वेगळी ठरत होती. तेवढ्यात मागे कूलर घरघरला, वाऱ्याचा झोत आला आणि सुईचं टोक रिकामं झालं.

बाबा बटणापाशी उभे होते. "घामानं डबडबून राहिली तू. म्हटलं, लावून देतो."

टेबल, फरशी, माझ्या साडीच्या निऱ्या, सगळीकडे भिंग घेऊन शोधलं. बाबा विचारत राहिले, "काय पडलं? मी बघू का?" शेवटी मी सांगितलं. ते कूलर बंद करून आपल्या खोलीत गेले. जेवायला आले, पण माझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी दारात आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत.

मला हरवलेल्या पायाचं दुःख होतं, पण त्या रिकाम्या दाराचं जास्त होऊ लागलं.

डावा दुसरा पाय काढायचा की वर्णन अर्धवट सोडायचं, हे ठरवायला मला आठवडा लागला. काढला, तर पुढे तपासणाऱ्याला प्राण्यावर तो कुठल्याच बाजूला मिळणार नव्हता. काचपट्टीवर ठेवलेलाच बघावा लागणार होता. न काढला, तर जातीला नाव मिळणार नव्हतं. मी बाबांच्या खोलीत गेले.

"डावा पाय काढते आहे. तुम्ही बाजूला बसा. कूलरचं बटण तुमच्या ताब्यात."

"मले नको सांगू."

"तुम्हालाच सांगते आहे."

ते आले. मांडीवर हात ठेवून, श्वास रोखल्यासारखे बसून राहिले. पाय नीट थेंबात उतरला तेव्हा माझ्याआधी त्यांनीच सुस्कारा टाकला.

मग आकृत्या सुरू झाल्या. कडेच्या रेघा मी ओढल्या. गोलाई दाखवायला आम्ही सावलीऐवजी बारीक ठिपके देतो. एका आकृतीवर ठिपके देताना मी पेन बाबांपुढे धरलं.

"माहा हात हलते."

"रेघ ओढायची नाही. टेकवायचं आणि उचलायचं."

आधी रद्दी कागदावर करून पाहिलं. मनगट टेबलावर टेकवलं की थरथर बरीच कमी व्हायची. पोटाखालच्या पिशवीचे, जिच्यात ही मादी अंडी बाळगते, सगळे ठिपके त्यांचे आहेत. एका जागी त्यांना सवयीने गडद छाया द्यायची होती. मी अडवलं, तर म्हणाले, "दिसून राहिली ना तिथं सावली?" मी पुन्हा पाहिलं. तिथे खरंच कातडीची घडी होती. ती आम्ही दाखवली.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना त्यांचंच सुचवलं.

"काहून? तिचा पाय मी उडवला, अन् नाव माहंच?" ते हसले, पण पुढे ठामपणे म्हणाले, "तिच्यात जे हाय, त्याचंच नाव दे."

मग नखीवरच्या काट्यांवरून लॅटिन नाव ठेवलं. लेख तपासणाऱ्यांनी एक आकृती परत काढायला लावली आणि काही महिन्यांनी लेख छापून आला. मी त्यातला मजकूर बाबांना मराठीत करून सांगितला. 'उजवा दुसरा पाय विच्छेदनाच्या वेळी हरवला' हे वाक्यही गाळलं नाही. त्यांनी मान हलवली. आकृत्यांच्या साहाय्याबद्दल त्यांचे आभार मानलेली ओळ मात्र पुन्हा वाचायला लावली.

कुपी आणि काचपट्ट्या घ्यायला मैत्रीण परत आली. आता या वस्तू एका संग्रहालयात राहणार होत्या. बाबांनी तिला चहा दिला आणि विचारलं, "तिथं खाली असे अजून असतील ना?"

"असतील, काका. आम्हाला एकच मिळाला."

"बरं," बाबा म्हणाले, आणि तिच्यासाठी आणलेला संत्रा बर्फीचा डबा आत राहिला होता, तो आणायला उठले.