शुक्रवारी ओरडलेली बाई

आमच्या घरात भुताच्या पिक्चरला कधीच कोणी घाबरलं नाही. (एक शुक्रवार सोडून.) भिवंडीतलं आमचं अख्खं टेमघर ज्या सीडीच्या नुसत्या कव्हरला दचकायचं, ती आम्ही पोहे खात बघायचो. केस मोकळे सोडलेली ती बाई आ वासून समोर आली, की आई शांतपणे म्हणायची, "दाढ किडलीय बग तिची!" दार हळूहळू उघडायला लागलं, की अप्पा वैतागायचे, "फुगलंय दार. रंधा मारा म्हनावं!" अशा घराण्यात जन्मल्याचा मला फार अभिमान होता.

आता या शौर्यात घराला चिकटून असलेल्या आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडचा वाटा किती, हा विचार कोणी केला नव्हता. लूम रात्रंदिवस खडखडायचे. टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, ऐकू काही यायचं नाही. पिक्चर ही फक्त बघायची गोष्ट, अशीच आमची समजूत!

माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायको सुनीता मुरबाडच्या आतल्या एका शांत गावातली. या खडखडाटात तिला झोप लागेना; जरा डोळा लागला की दचकून उठायची. बातमी माहेरी पोचली आणि एका शुक्रवारी माझे सासरे दारात हजर.

"जावई, पोर घाबरट हाय आमची. म्हैनाभर घरी घेऊन जातो."

महिनाभर! ती जायला नको होती मला, अगदी मनापासून नको होती. पण हे तिच्या बापाला कसं सांगणार? मग मी खानदान मध्ये आणलं.

"मामा, आमच्यात राहून ती वाघीण होईल! आम्ही भुताचे पिक्चर हसत हसत बघतो. दाखवतोच तुम्हाला. बघा आणि मग ठरवा."

"दाखवा," मामा म्हणाले.

सीडीवाल्याकडून मी तीच सीडी मागितली. "तीसरी बार? कलेजा है भाई आपका!" तो म्हणाला आणि माझी छाती आणखी फुगली.

दुपारी खिडक्यांना लूमवरचं कोरं कापड लावून अंधार केला. शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी, त्यामुळे सगळीकडे सामसूम. शुक्रवार हा आमचा बाजाराचा आणि पाहुण्यांचा दिवस; त्या दिवशी आम्ही कधी पिक्चर पाहिलाच नव्हता. पण हे तेव्हा कोणाच्या टाळक्यात शिरणार!

पिक्चर सुरू झाला. टप... टप...

"नळ कोनी सोडला?" अप्पा म्हणाले.

आई मोरीत जाऊन आली. "बंद हाय."

मग कोणीतरी जोरजोरात श्वास घ्यायला लागलं.

"पाव्हनं, दम लागला काय?" अप्पांनी विचारलं.

"मी न्हाय," मामा म्हणाले.

आम्ही तिघांनी एकदम टीव्हीकडे पाहिलं. (या पिक्चरला आवाज आहे, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळलं!) दार करकरलं. आईने पोह्यांची बशी छातीशी धरली. अप्पांनी पाय वर घेतले. काहीतरी घुमलं आणि मी उशी तोंडावर ओढली.

"घुबड हाय ते," पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात सुनीता म्हणाली. "आमच्या परसात रोज बसतं."

आणि ती किडक्या दाढेची बाई ओरडली!

पोहे छताला लागले. अप्पा आईच्या मागे लपले. मी? मी अनवाणी शेडमध्ये पळालो आणि स्टार्टर दाबून लूम चालू केला! खडखडाट सुरू झाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आता ओरड म्हणावं!

पण सुट्टीच्या दिवशी लूम वाजल्यावर अख्खी गल्ली धावत आली. "जुम्मे को लूम किसने चलाया?" "शॉर्ट सर्किट हुआ क्या?" मी सुताच्या गठ्ठ्यामागे बसून होतो.

गर्दीतून वाट काढत सुनीता आत आली. तिने लूम बंद केला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "काय न्हाय, पिक्चर बघून घाबरलेत." चारचौघांत माझ्याशी बोलायलाही लाजणाऱ्या त्या पोरीने गल्लीसमोर माझा हात धरला. "चला घरात. बाईला पुरलं पिक्चरात, आता येत न्हाय ती."

घरात मामा हसून हसून डोळे पुसत होते. त्यांनी पिशवी उचलली, फक्त स्वतःची.

"पोरी, तू ऱ्हा हितंच," ते म्हणाले. "तू आलीस तर ह्या मानसांकडं कोन बघंल?"

सुनीता राहिली! बायकोने माहेरी जाऊ नये म्हणून नवरे रुसतात, हातापाया पडतात, साड्या आणतात. मी काय केलं असं कोणी विचारलं, तर आजही मी छाती पुढे काढून सांगतो: घाबरलो! आणि असा घाबरलो, की आमच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नसतं.