थोरल्या काकाची ओळ

सत्यवतीकाकीबद्दल बोलायला बसलं की लोक तिला देवी करून टाकतात. देवी कसली? हट्टी बाई होती, आणि तिच्या शुशूच्या, त्या वेलावरच्या हिरव्या फळाच्या, भाजीत मीठ कायम जास्त असायचं. बाराव्या वर्षापासून आमच्या बेटावरच्या लालमती गावच्या उसात राबली. नवरा लवकर गेला, दोन मुलगे तिनं एकटीनं वाढवले. अक्षर ओळखत नव्हती, पण तिच्या ढोलकीशिवाय गावात हळद होत नसे.

आमच्या हळदीच्या गाण्यात नवरीच्या माणसांची नावं असतात. आई, बाप, थोरला काका, मामा, एकेकाला नाव घेऊन हाक मारायची. त्यानं उठून हळद लावायची, मग पुढची ओळ. सगळ्यांची लावून झाली की पुऱ्या वाढायच्या.

एकोणऐंशी साली तिच्याच नातीचं, जमुनाचं लग्न ठरलं. जमुनाचा बाप देवराज हा काकीचा धाकटा. त्यानं रोझ हिलहून भोंगा आणि कॅसेट आणायचं ठरवलं. पोरींना जुनी गाणी येत नाहीत, पाहुणे हसतील, म्हणे. मी तेव्हा गावात संध्याकाळचा मराठीचा वर्ग घेत असे. मलाही ते पटलं होतं, कबूल करते.

"मिस, तुमी येवड्या शिकलेल्या," काकी मला म्हणाली, "पण कॅसेट तुलसीरामाला हाक मारणार हाय का?"

तुलसीराम तिचा थोरला. तीन घरं पलीकडे राहायचा. लिचीची फांदी कुणी तोडली यावरून भावाभावांत चार वर्षं अबोला, आणि देवराजनं त्याला लग्नाचं बोलावणंच केलं नव्हतं. आता कुठे माझ्या लक्षात आलं, की पोरींचं निमित्त होतं.

काकीनं चार पोरी धरल्या. त्या घरीदारी बेटावरची क्रेओल बोलीच बोलायच्या. मी शब्द फळ्यावर लिहिले, ती भाजी निवडता निवडता घोटून घ्यायची. दहा आठवडे. एकीला रडवलंसुद्धा.

हळदीच्या दुपारी भोंगा आलाच. काकीनं त्यावर टॉवेल टाकला आणि ढोलकी मांडीवर घेतली. आईची ओळ झाली, बापाची झाली. मग सुरू झालं, "हळद लावाया ये रे, थोरल्या काका तुलसीरामा."

कुणी उठलं नाही. काकीनं तीच ओळ पुन्हा घेतली. पोरींनी झेलली. पुन्हा. पुन्हा. अकरापर्यंत मी मोजलं, मग नाद सोडला.

"वैनी, पुऱ्या गार पडल्या," तिची नणंद भगवती म्हणाली.

"पडू दे. भूक लागली तर तू पन ओरड, त्याला आयकू जाईल."

लोक हसले. देवराज हसला नाही. "आसे, आये," तो क्रेओलमध्ये म्हणाला. "पुरे झालं. पुढची ओळ घे."

"पुढं मामा हाय. काकाच्या आदी मामा कसा येईल?"

"तो येणार नाय."

"तू गेलतास बोलवायला?"

देवराजनं जमुनाकडे पाहिलं. ती गालांवर हळद घेऊन खाली मान घालून बसली होती, आणि ओठांनी तीच ओळ म्हणत होती. त्यानं चपला घातल्या आणि गेला.

तुलसीराम शेतातल्या कपड्यांतच आला. दारात गमबूट काढले. "फांदी मी तोडली नव्हती," तो म्हणाला.

"हळद लाव," काकी म्हणाली.

त्यानं लावली. ती मामाच्या ओळीवर गेली.

भाऊ गळ्यात पडले वगैरे काही नाही. दोन वेगळ्या पंगतींत जेवले. पण लग्नाचा मांडव घालताना बांबू तुलसीरामानं धरले.

त्यानंतर काकी कुणाच्याही हळदीला जायची ती आधी एकच विचारून, "तुमच्या घरात कोन कुनाशी बोलत नाय?" काहींना ते झेपलं नाही, त्यांनी कॅसेट लावली. चौऱ्याऐंशीत माझ्या पुतणीच्या हळदीला तिनं मलाही विचारलं. "कुणी नाही," मी म्हणाले.

तिनं ढोलकी खाली ठेवली आणि वाट पाहत बसली. मी पायात चपला घातल्या आणि जिला बोलावलंच नव्हतं त्या माझ्या दुसऱ्या जावेकडे, बसंतीकडे निघाले.