बामीबाय आणि बांधावरचे सात ताड

बामीबायची आणि माझी ओळख बंद दाराशी झाली. नेरूळच्या नव्या सोसायटीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. विरजण मागायला शेजारी गेले, तर दाराला बाहेरून कुलूप. परत वळले तेवढ्यात जिन्याकडच्या खिडकीतून आवाज आला, "दार भायेरशी लावलंय गो. खिरकीशी ये." गजांमागे साठीची एक बाई बसली होती. काळीसावळी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली. तिने गजांतून वाटी घेतली, विरजण घालून परत दिली, आणि मागोमाग ताडाच्या पानाचा एक पंखा सरकवला. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. लाईट जानार हाय." दुपारी लाईट खरंच गेली.

ती जवळच्या सारसोळ्याची. शेती नव्या शहरासाठी गेली, नवरा वारला, मग मुलगा मधुकर तिला घेऊन या तिसऱ्या मजल्यावर आला. मधुकर आणि त्याची बायको दोघंही नोकरीला. सकाळी सातला दोघं कुलूप लावून जात, ते संध्याकाळी सहाला येत. पहिल्यांदा मला भयंकर राग आला होता. मधुकरने जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. म्हातारी दोनदा कुणाला न सांगता निघून गेली होती. दुसऱ्या वेळी भरावाच्या मातीचा डंपर रिव्हर्समध्ये मागे येत होता आणि ही त्याच्या वाटेत उभी. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचली. "टेन्शनने कामात लक्ष लागत नाय, मॅडम," तो म्हणाला आणि माझ्या हातात दुसरी किल्ली ठेवली. "आग-बिग लागली तरच उघडा. तिच्या बोलण्यात येऊ नका."

माझाही दिवस घरातच जायचा. हे सकाळी पुलापलीकडे मुंबईला जात, रात्री येत. मी साताऱ्याकडची, वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालेली, नोकरीच्या अर्जांवर अर्ज करणारी. दुपारी स्टूल घेऊन तिच्या खिडकीशी बसायचे. तिचा पुतण्या आठवड्याला ताडाची पानं आणून गजांतून आत ढकलायचा आणि ती पंखे विणायची. ताडाला ती 'तार' म्हणे आणि झाडाला 'झार'. सुरुवातीला मला पोस्टाची तारच आठवायची.

ताडात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ताडाला हात मात्र कधी लावला नव्हता. देठाच्या कडेला करवतीसारखे दात असतात, ते तिने माझं बोट त्यावर फिरवून दाखवले. "पंधरा वर्सं कलत नाय नर का मादी," ती सांगायची. "फुलला का मंग समजतं. ताडी दोगांची निंगते. गोले मादीचेच." पानांनी घर शाकारायचं, देठाच्या वाखाचा दोर वळायचा, खोडाचे वासे करायचे. खाडीच्या बांधावर तिच्या सासऱ्याने लावलेले सात ताड होते. पाच माद्या, दोन नर. सासरा पहिले ताडगोळे निघायच्या आधीच गेला. "लावनाऱ्याच्या तोंडात काय जात नाय," ती म्हणाली. ते सांगतानाही तिचे हात थांबले नाहीत.

मे महिन्यात पुतण्या पानं घेऊन आला तो बातमी घेऊनच. बांधावरून रस्ता जाणार होता, ताडांवर तोडायच्या खुणेचे चुन्याचे पट्टे मारले होते.

बामीबाय त्या दिवशी विणायला बसली नाही. गज धरून म्हणाली, "चावी तुज्याकडं हाय. मना पयल्यापासना म्हाईत हाय." इतके महिने तिने तो विषय काढला नव्हता. मी म्हटलं, मधुकरला विचारते. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असल्याचं माझ्या दारातूनच सांगून खिडकीशी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर कुलूप काढलं.

जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. रस्त्यावर आल्यावर मात्र तिच्यामागे मला पळावं लागलं. बांधावर पोचलो तेव्हा दोन ताड आडवे झाले होते आणि तिसऱ्यावर कुऱ्हाड चालू होती. ती रडली नाही. पडलेल्या झाडाच्या शेंड्याशी गेली, मजुराच्या हातातला कोयता मागून घेतला आणि ताडफळाचा माथा उडवला. अंगठा घालून तिन्ही गोळे अख्खे काढले. एक मला दिला, दोन मजुरांना. मजूर ओशाळून उभे राहिले. "खावा रं," ती म्हणाली, "तुमचा काय दोष." स्वतः तिने एकही खाल्ला नाही. थोडा वेळ उरलेल्या झाडांकडे बघत बसली, मग पदराला हात पुसून उठली. "चल. सा वाजतील. पोरगा घाबरंल."

घरात गेल्यावर ती मला म्हणाली, "लाव कुलूप."

माझ्याने ते होईना. दार उघडं ठेवून मी तिच्याजवळच बसले. मधुकर आला, उघडं दार बघून पायरीवरच थांबला. मी सगळं सांगितलं, वर हेही ऐकवलं, की माणसाला असं कोंडून ठेवणं बरोबर नाही. तो चिडला नाही. बूट काढता काढता म्हणाला, "मग उद्यापासून तुम्ही बघाल तिला? रोज?"

त्याच आठवड्यात मला शाळेतल्या नोकरीचं पत्र आलं होतं. जूनपासून रुजू व्हायचं होतं. पाच वर्षं मी त्या पत्राची वाट बघितली होती. बामीबाय आतून माझ्याकडे बघत होती. मी उठून आमच्या घरी आले.

सकाळी सातला नेहमीप्रमाणे कुलूप लागल्याचा आवाज आला.

दिवाळीनंतर मधुकरने तिला मोरा गावाला आपल्या बहिणीकडे पोचवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी खाली रिक्षा उभी होती. मी तिचं गाठोडं आत ठेवलं आणि म्हटलं, "बाय, त्या दिवशी मी काहीच बोलले नाही."

तिने माझा हात धरला. "गप ऱ्हायलीस ते बरं केलंस, पोरी. हो म्हनली असतीस तर माज्यासंगट तू पन घरात अरकली असतीस."

मोऱ्याला ती दोन वर्षं जगली. ती गेल्याचं मधुकरने मला जिन्यातच सांगितलं. तिकडे दार उघडं असायचं का, हे त्याला विचारायचं माझ्याने झालं नाही.