आमच्या ॲन्टेनाची दुसरी तार

"आलं का, भाऊ?"

गच्चीवरून असा आवाज आला की आम्ही घरातून ओरडायचो, "आलं!" मगच तो ॲन्टेनाचा दांडा सोडायचा. ॲन्टेना आमचा, टीव्ही आमचा आणि उन्हात उभा तो. असा शेजारी तुम्हाला लाभला असेल तर सांगा.

तो हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होता. आमच्या मागच्या खोल्यांत राहायला आला तेव्हा खिडकीत एक तार आयतीच लोंबत होती. आधीचा भाडेकरू ॲन्टेना ठेवून गेला असं समजून त्याने ती टीव्हीला जोडली आणि चित्र आलं. एका रविवारी मी रंग द्यायला आमचा ॲन्टेना उतरवला, तर हा धावत वर आला.

"भाऊ, माह्यं चित्र गेलं!"

मग माझ्या हातातल्या ॲन्टेनाला जोडलेल्या दोन तारा त्याला दिसल्या. त्याने जीभ चावली, दोन्ही कानांना हात लावले. "म्हंजे इतके दिवस मी तुमचंच पाहून राहिलो होतो?"

"पाहा की! विहीर आटते, चित्र थोडंच आटतं?" मी म्हणालो.

तार राहिली, पण त्याच्या मनाची टोचणी गेली नाही. ड्यूटीवरून आला की आधी गच्ची. आमचं चित्र स्वच्छ झाल्यावरच स्वतःचा टीव्ही लावायचा, तोही हळू आवाजात. आम्ही गावाला गेलो तर त्याचा टीव्ही बंद. "मालक घरी नाही अन् मी पाहू?" म्हणायचा. आम्ही त्याला खूप हसायचो.

मग ती क्रिकेटची मॅच. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. वर तो घामाघूम होऊन दांडा फिरवत होता. माझ्या जिभेला हाड नाही. मी खिडकीतून ओरडलो, "अहो, अर्धं चित्र तुम्हीच ओढून घेता, आमच्याकडे येणार कुठून!" पाहुणे खो खो हसले. थोड्या वेळाने चित्र मात्र लख्ख आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा टीव्ही बंद. "बिघडला," एवढंच बोलला. तरी त्याची रोजची गच्ची चुकली नाही. पाहायला बसा म्हटलं, तर "जेवाचं आहे अजून" म्हणत निघून जायचा.

पुढे त्याने वाडीला खोली घेतली. सामान ट्रकवर चढत असताना मी म्हणालो, "तेवढा टीव्ही आता दुरुस्त करून घ्या."

"त्याले काय झालं? चांगला तं आहे," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

ट्रक गेल्यावर मी गच्चीवर गेलो. त्याने आपली तार कापून टाकली होती. आमच्या जोडात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून कापलेल्या टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली होती. मला माझीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी चित्र हललं. मी वर जाऊन दांडा फिरवला आणि ओरडलो, "आलं का?"

"आलं, आलं!" घरातून सगळे ओरडले. मला दांडा सोडवेना.