सवतीला मीठ नाही, जंतूला सूत

नवऱ्यामागे अंगणात दोन घरं उरली. फाटकासमोरचं थोरल्या विल्किस्टाचं, बाजूचं धाकट्या रिस्परचं. विल्किस्टा सरोवराकाठी वाळवलेले ओमेना मासे विकायची आणि सवतीला चिमूटभर मीठही द्यायची नाही. रिस्परही मागायची नाही. त्यामुळे दोघींचं भांडण असं कधी झालंच नाही.

घरातलं औषधपाणी विल्किस्टाच्या हाती. कडू गोळी पोटात गेली की मागून काहीतरी पौष्टिक धाडायचं, नाहीतर पोट रुसतं, असा तिचा नियम. सून डोरीनला दिवस गेल्यावर तर तो फारच कडक झाला. डोरीनचं पहिलं बाळ हिवतापापायी पोटातच खंगलं, अवेळी जन्मलं आणि गेलं. घरामागे त्याला मातीआड ठेवलं होतं, तिथे विल्किस्टा कोंबड्यांनाही फिरकू देत नसे.

या खेपेला दवाखान्यात हिवताप टाळायच्या तीन गोळ्या डोरीनला समोर उभं करून गिळायला लावल्या. शिवाय रक्तवाढीची रोजची बारीक गोळी दिली. "फुकटच्या गोळीत कसला आलाय जीव," म्हणत विल्किस्टाने बाजारातून रक्तवाढीच्याच, पण फॉलिक अ‍ॅसिडच्या जास्त ताकदीच्या पिवळ्या गोळ्या आणल्या. बाटली साऱ्या अंगणाला दिसेल अशी धरून आणली.

काही आठवड्यांत डोरीन तापाने फणफणली.

दवाखान्यातल्या सिस्टर सायप्रोसने रक्त तपासलं. हिवतापच. "आणखी काय देता हिला?"

विल्किस्टाने अभिमानाने बाटली पुढे केली. सिस्टरने ती वाचली.

"आई, तुमच्याकडे मासळीची जाळी कोण विणतं?"

"मुलगा."

"आणि सूत नसलं तर?"

"तर काय विणेल, कपाळ?"

"हिवतापाच्या जंतूचंही तसंच. एकाचे अनेक व्हायचे तर प्रत्येक पिल्लासाठी कुळाचा धागा नव्याने वळावा लागतो. डीएनए म्हणतात त्याला. त्यासाठी फॉलिक लागतं. आपण ते पालेभाजीतून खातो, जंतू घरच्या घरी बनवतो. त्या तीन गोळ्या त्याचा तो कारखाना बंद पाडतात. आणि तुम्ही बाजारातून तयार माल नेऊन त्याच्या दारात ठेवलात."

विल्किस्टाने बाटली परत पिशवीत टाकली. मग म्हणाली, "सवतीला मी कधी सुईदोरासुद्धा दिला नाही."

"अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे. ताप यानेच आला असं शपथेवर नाही सांगत मी. पण औषधाचा जोर मोडतो हे खरं. आमची बारीक गोळी चालू ठेवा, तिच्यात फॉलिक मोजकंच असतं. ही बंद."

"बाळ?"

"ठोके चांगले आहेत. तापाचं औषध पुरतं घेऊ द्या."

परतताना फाटकातच विल्किस्टाचे पाय थांबले. रिस्परची सून लिलियनही गरोदर होती, तिनेही त्याच तीन गोळ्या गिळल्या होत्या. ती उंबऱ्यावर बसून पेज पीत होती. शेजारी तीच पिवळ्या गोळ्यांची बाटली. एक माप मोठी.

'देऊ नकोस' म्हटलं तर रिस्पर दुप्पट देणार, हे सांगायला सिस्टर नको होती. डोरीनला आत निजवून विल्किस्टा सवतीच्या दारात गेली. नवऱ्याच्या मयतानंतर पहिल्यांदाच.

"रिस्पर, गोळ्या छान आणल्यास गं. लिलियनला रोज दोन-दोन देत जा."

रिस्परने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आज काय विशेष, थोरले?"

"तुझी सून ती माझीच की. कमी पडल्या तर ही माझी घे." तिने आपली बाटली रिस्परच्या हातात दिली. "तुझ्या सुनेसाठीच ठेवलीय."

रिस्पर सावकाश सुनेकडे वळली. "लिलियन, ती गोळी खाली ठेव."

दिवेलागणीआधी रिस्परने दोन्ही बाटल्या संडासाच्या खड्ड्यात टाकल्या. बुडल्याचा आवाज येईपर्यंत विल्किस्टा आपल्या दारात मासे निवडत बसली होती.

डोरीनला मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा, सणसणीत वजनाचा. लिलियनला मुलगी. थोरलीने माझ्या सुनेला विष घालायचा घाट घातला होता, असं रिस्पर अजूनही किनाऱ्यावर सांगते. विल्किस्टा ते खोडून काढत नाही. रिस्परची नात माशांच्या पाटीपाशी आली की ती तिच्या मुठीत ओमेना भरते.

"तिच्या हातचं खाऊ नकोस गं," रिस्पर तिकडून ओरडते.

पोर खाते.