नणंदेची खरी यादी

लिव्हरचा रिपोर्ट बिघडला म्हणून माझी चौथी केमो पुढे ढकलली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आंटीजी, घरात जे जे खाताय ना, सब ले के आइए." केमो वेळेवर झाली तरच खरा उपयोग, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझं धाबं दणाणलं.

पिशवी भरली ती धाकट्या नणंदेच्या प्रेमाने: हळदीच्या अर्काच्या गोळ्या, ग्रीन टीच्या गोळ्या, गुळवेलीचा काढा. "वहिनी, नॅचरल आहे हो, नुकसान थोडीच करेल? पण डॉक्टर को मत बताना!" तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही मी मुकाट ऐकलं होतं. भीतीपुढे शहाणपण चालत नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. एकेक बाटली बाजूला ठेवत म्हणाल्या, "यानेच झालं असं नाही, पण रिस्क नको. हळद वरणात, भाजीत रोजच्यासारखी घाला. अर्क बंद." तळाशी जिरावणाची डबी निघाली. पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, घाईत आलेला.

"आणि हे?"

"सगळं मातीसारखं लागतं हो. याने तेवढे चार घास जातात."

"मग हे चालू ठेवा," त्या हसल्या. "खाल्लं तर ताकद राहील."

गोळ्या-काढा बंद झाल्याचं कळताच नणंद रुसली, तीन दिवस फिरकली नाही. चौथ्या दिवशी घरी भाजून कुटलेलं ताजं जिरावण घेऊन दारात हजर! त्यानंतर रोज सकाळी पोहे तीच करायची आणि मी बशी रिकामी करेपर्यंत समोरून हलायची नाही. दोन आठवड्यांत रिपोर्ट सुधारला. चौथी झाली, पाचवीही झाली.

सहाव्या, शेवटच्या केमोला ती सोबत आली. डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "और कुछ ले रही हैं?" मी तोंड उघडायच्या आत नणंदेने पर्समधून कागद काढला आणि खणखणीत वाचला: वरण, भात, पोहे, जिरावण, मंगळवारी देवळातला अर्धा पेढा, परवा दोन वेलदोडे.

"बस, इतना ही. काही लपवलं नाही, डॉक्टरजी."

डॉक्टरीणबाई रिपोर्ट मिटून नर्सला म्हणाल्या, "चढवा!"

शेवटचा थेंब उतरला, नर्सने सुई काढली. मी नणंदेचा हात गच्च धरला. "जिंकलो गं आपण!"

ती डोळे पुसत म्हणाली, "चला वहिनी, घरी पोहे भिजवायचेत."